आडवा फोन

हिवरदऱ्याच्या बायकांनी राखण गावात आणली ती गुलाल उधळत आणि घालवली ती मान खाली घालून. दोन्ही वेळा पुढे होती शालन मोहिते, आणि दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, तिचा मुलगा विश्वजीत.

दारूचं दुकान बंद करायला बायका मत देतात, मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. शालनच्या सासूने तिच्या उमेदीत गावची बाटली अशीच आडवी केली होती. पुढे बाटलीची जागा फोनने घेतली. पूर्वी तीनपानी खेळायची तर चार टाळकी जमवावी लागायची, ओढ्याकाठी आडोसा शोधावा लागायचा, पोलीस आले की चपला सोडून पळावं लागायचं. या भानगडीतच निम्मा जुगार बारगळायचा. फोनने सगळीच सोय करून टाकली. गोठ्यात, बांधावर, देवळाच्या पायरीवर माणूस एकटाच बसून समोर नसलेल्या माणसांशी पत्ते खेळू लागला आणि घरातली भांडीकुंडी कमी होऊ लागली.

मग फोन फेकून का देत नाहीत, असं शहाणे विचारायचे. त्या शहाण्यांनी खेड्यात चार दिवस राहून दाखवावं. डेअरीत दूध घातलं की नोंद फोनवर, रेशन फोनवर, एसटीचं तिकीट फोनवर, मजुराची हजेरी फोनवर. फोन नसलेला माणूस सरकारदरबारी मेल्यात जमा होता.

तेव्हा सरकारने जुनाच कायदा जरा ताणला. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी कौल दिला तर गावच्या टॉवरवर जुगार अडवणारं यंत्र बसवायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं आली, उभा फोन आणि आडवा फोन. शालनने पदर खोचला. विश्वजीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा अर्धा टाकून कराडहून परत आला होता, डोळे खोल गेलेले, आणि मेलेल्या बापाची मोटरसायकल फुंकून मोकळा झालेला. रोज संध्याकाळी डेअरीतून आला की त्याचा हात फोनकडे जायचा. शेजारच्या मंगलचा नवरा भानुदास टेम्पो चालवायचा. त्याची वेळ दुपारची. जेवण झालं, हात पुसले की बसलाच. शालन आणि मंगल दारोदार फिरल्या, पुरुषांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आडवा फोन दणक्यात निवडून आणला.

यंत्राचं नाव राखण. फायरवॉल या शब्दाला गाव आधी बिचकलं, पण गोष्ट साधी होती. जुन्या काळी शहराच्या तोंडाशी जकातनाका असायचा. प्रत्येक गाडीने थांबायचं, कुठे चाललो ते सांगायचं. टॉवरवरचं यंत्र म्हणजे तसाच नाका. गावातल्या फोनने काहीही मागितलं की ती मागणी आधी तिथे येणार, पत्ता जुगाराचा निघाला की तिथूनच परत फिरणार. पाकिटातला मजकूर आम्हाला वाचता येत नाही, वरचा पत्ता तेवढा दिसतो, असं कंपनीचा माणूस ग्रामसभेत म्हणाला. प्रत्येकाने फोनवर राखणचं एक छोटं ॲप घ्यायचं, म्हणजे फोन कुणाचा ते नाक्याला कळेल आणि पोरांच्या फोनला कडक नियम लावता येतील. नोंद कसलीही ठेवत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. आणि हे सगळं फुकट. फुकट का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण बायका गुलाल आणायला गेल्या होत्या.

राखण चालली मात्र खरी. पहिले काही आठवडे विश्वजीत पिंजऱ्यातल्यासारखा घरभर फिरायचा. फोन उघडायचा, पडद्यावर बंद दाराचं चित्र यायचं, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. मग उचलणं कमी झालं. त्याने एक म्हैस घेतली, मग दुसरी. अंगावर मांस चढलं. एका सकाळी तो धार काढताना गुणगुणतोय हे शालनने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून ती रडली.

राखणीचा अंमल म्हसोबाच्या खिंडीपर्यंत होता. त्यापलीकडे दुसरा टॉवर, दुसरं जग. भानुदास वर्षभर शहाण्यासारखा वागला आणि मग भाचीच्या लग्नाला कराडला गेला. दुपारच्या पंगतीत फोन वाजला तसा तो ताटावरून उठला, एवढंच मंगलने पाहिलं. त्यानंतर चार दिवस तो कुणाला सापडला नाही. सापडला तेव्हा टेम्पो नव्हता, आणि घरी आला तो ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या कापडात.

दहाव्याला शालन मंगलच्या शेजारी बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "मनच कच्चं असलं तर राखण तरी काय करणार गं, मंगल?"

तिला धीर द्यायचा होता. मंगलने वर पाहिलं, मग ती उठली आणि आत गेली. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधली वाटी-साखरेची ये-जा थांबली.

*

पुढच्या उन्हाळ्यात विश्वजीतला उंब्रजच्या दूध संघात नोकरीचं बोलावणं आलं. शालनने त्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला. तो संध्याकाळच्या गाडीने परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. नोकरी नको म्हणाला. कारण विचारलं तर म्हशींचं निमित्त सांगितलं. आठवड्याने पुन्हा कशासाठी तरी उंब्रजला गेला, तसाच पांढराफटक परत आला, आणि त्यानंतर खिंडीकडे फिरकेनासा झाला. घरच्या घरी मात्र त्याला एक नवीनच खोड लागली. दुपारी शालन जरा आडवी झाली की तो हळूच तिचा फोन उचलून न्यायचा. ती अर्धवट झोपेत बघायची. क्रिकेट बघत असेल, असं तिने मनाची समजूत घालण्यासाठी ठरवून टाकलं.

डोळे तपासायला ती कराडला निघाली ती भर दुपारी, जेवण आटोपून. एसटी खिंड उतरली आणि मांडीवरच्या पिशवीत फोन थरथरला. पत्ते पिसल्याचा आवाज आला. फडफड, फडफड, आणि मग थाप. पडद्यावर हिरवं कापड, त्यावर उलटे पत्ते, आणि खाली सुरेख मराठीत ओळ: "शालनताई, या. तुमची खुर्ची रिकामी आहे."

 आयुष्यात तिने पत्त्याला हात लावला नव्हता. या फोनवर कोण बसतं हे तिला माहीत होतं. ती पुढच्याच थांब्यावर उतरली, मिळेल त्या जीपने परत आली.

विश्वजीत गोठ्यात वैरण टाकत होता. तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "हे काय हाय?"

तो पडद्याकडे बघतच राहिला. लाजला नाही, दचकला नाही. "किती वाजता आलं? दुपारचंच न्हवं?"

शालनने त्याच्या कानाखाली वाजवली. "आईच्या फोनवर खेळतोस? लाज वाटंना व्हय रं तुला? कुठनं शिकलास ही चोरी?"

"खेळलो न्हाई, आई." गाल चोळायचंही त्याला सुचलं नाही. "गावात खेळता येतंय कुठं? मी नुसतं दार वाजवत हुतो. आधी सांग, खिंडीच्या अलीकडं आलं का पलीकडं?"

"पलीकडं. एसटी उतरली न् लगेच."

तो वैरणीच्या पेंढीवर बसला. "म्हंजे खरं हाय," म्हणाला. "तू बस. सांगतो."

उंब्रजच्या स्टँडवर त्याचा फोन असाच वाजला होता, बरोबर संध्याकाळी, डेअरीतून यायच्या वेळेला. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. दुसऱ्या खेपेला सकाळी गेला. दिवसभर फोन गप्प होता आणि संध्याकाळ झाली तशी पत्ते पिसू लागला. नाव घेऊन बोलावत होता. त्या दिवशी स्टँडवरच्या खांबाला धरून तो गाडी येईपर्यंत उभा राहिला होता.

"माझी येळ त्यांना कुणी सांगितली, एवढाच प्रश्न हुता," विश्वजीत म्हणाला. "म्हणून तुझा फोन घेतला. तू त्या वाटेला कधी गेलीच न्हाईस. तू झोपलीस की रोज दुपारी मुद्दाम पत्त्यांच्या ठिकाणी जायचो. राखण अडवायची. पुन्हा जायचो. पुन्हा अडवायची. महिनाभर केलं. मग मीच फोन घेऊन खिंड ओलांडणार हुतो, पन धाडस हुईना. आज तू गेलीस."

"मग? त्यात काय कळलं?"

"आई, दार बंद हुतं. माझी एकबी हाक पलीकडं गेली न्हाई. पत्तेवाल्यांना कळायचं कारणच न्हाई की शालन मोहिते नावाची बाई रोज दुपारी येऊन जाते. हे जगात एकालाच ठावं हुतं. अडवणाऱ्याला."

आता यातलं शास्त्र नीट पाहायला हवं, कारण त्यात जादू नव्हती, नुसता थंड हिशेबीपणा होता. अडवायचं तर आधी बघावं लागतं, हे प्रत्येक राखणदाराचं असतं. राखणीने बघितलं आणि बघितलेलं जपून ठेवलं. कुणी दार वाजवलं, दिवसातून कधी, नकार मिळाल्यावर किती वेळाने पुन्हा. जो माणूस दुकानात जातो तो किती खर्च करतो, हे दुकानदाराला कळतंच. पण ज्याला आत जाता येत नाही आणि तरी जो रोज दारापाशी येतो, त्याची तहान केवढी आहे, हे फक्त दार धरून उभा असलेल्यालाच कळतं. राखण ही तहान मोजत होती. फोन खिंडीपलीकडच्या टॉवरला जोडला गेला की तिचं ॲप गुपचूप कळवायचं, सुटला. पत्त्यांच्या कंपन्या त्या माणसावर तिथल्या तिथे बोली लावायच्या, आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत त्याचा लिलाव झालेला असायचा. बरा होत आलेला, एकटा, घरापासून लांब, आणि बरोबर त्याच्या कमजोर घडीला गाठलेला. असं गिऱ्हाईक त्या धंद्यात दुसरं नव्हतं. राखण फुकट होती ती यामुळे.

शालन ऐकत होती. मग तिच्या मनात एकदम दुपारची पंगत आली, जेवणानंतरची वेळ, आणि ताटावरून उठणारा भानुदास. तिने पदर तोंडावर धरला.

"कच्चा न्हवता रं तो," ती म्हणाली. "मी त्याच्या दहाव्याला काय बोलले."

 म्हशीने शेपूट झटकलं.

"गावात सांगाय पायजे," शेवटी तोच म्हणाला. "पोरं रोज कामाला खिंडीपलीकडं जात्यात."

"सांगितलं तर बायका राखण काढून टाकतील."

"टाकतीलच."

"दुसरी बसवू की मग. चांगल्या कंपनीची."

"जी अडवणार ती बघणारच, आई. बघितलेलं इकणार न्हाई अशी कंपनी मला दाखव."

"आणि तू?" शालनने विचारलं. "राखण गेली तर तू काय करशील?"

त्याने हाताला चिकटलेली वैरणीची काडी झटकली. "मला ठावं न्हाई. खोटं कशाला बोलू? दार बंद हाय म्हणून मला झोप लागती." मग तो उठला. "तरीबी सांग. भानुकाकाला कुणी सांगितलं असतं तर तो पंगतीत बसला नसता."

*

शालनने सांगितलं नाही.

काही दिवस ती तोंडाला कुलूप घालून वावरली. रोज सकाळी ओढ्यापलीकडची पोरं एसटीत चढताना बघायची आणि मान वळवायची. माझा एक वाचू दे, मग बघू जगाचं, असं तिने देवालाही सांगून टाकलं. आईचं मन स्वार्थी असतं आणि त्याबद्दल तिला कुणी बोल लावू नये. विश्वजीतने पुन्हा विषय काढला नाही. जेवताना फक्त एकदा तिच्याकडे बघितलं, आणि ती आमटी वाढायला उठली.

एका सकाळी पिठाच्या गिरणीवर ती दळण घेऊन उभी होती. पुढे मंगल होती, पाठमोरी. दोन-तीन बायका आपसात बोलत होत्या, मंगलला ऐकू जाईल इतक्या हळू. वरच्या आळीतल्या कुणाचा तरी पोरगा उंब्रजला जाऊन पुन्हा नादाला लागला होता. "त्याचाबी भानुदासच व्हणार," एक म्हणाली. "मनच कच्चं असलं तर राखण तरी काय करणार? शालनताईच म्हणाल्या हुत्या की."

मंगलने डोक्यावरची पाटी खाली उतरवली, पण वळली नाही. तिची मान तेवढी ताठ झाली. शालनचं स्वतःचं वाक्य गावभर फिरून, दुसऱ्याच्या तोंडून, परत तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं.

"कच्चा न्हवता," शालन मोठ्याने म्हणाली. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पट्टा थांबवायला लावला आणि पुन्हा म्हणाली. "मंगल, तुझा माणूस कच्चा न्हवता. त्याला घेरून मारला. आपण दोघींनी आणलेल्या राखणीनं." आणि पीठ उडत असलेल्या त्या खोलीत उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं, विश्वजीतची संध्याकाळ, तिच्या फोनवरची दुपार, खिंड, लिलाव. मंगल शेवटपर्यंत पाठमोरीच होती. मग ती खाली बसली आणि नवरा गेल्यावरही रडली नव्हती तशी रडली.

खात्री करायला फार लागलं नाही. राखण असलेल्या आणखी दोन गावांत बायकांनी तेच करून पाहिलं आणि त्यांच्या फोनवरही हिरवं कापड पसरलं. माहिती सेवा सुधारण्यासाठी ठेवतो, असं काहीसं उत्तर कंपनीने दिलं. चौकशी समिती नेमली गेली. ती अजून बसलेली आहे. तहसीलदार पुन्हा मतपत्रिका घेऊन आले. शालनने शिक्का उचलला. मतदान बायकांचं, म्हणून विश्वजीत बाहेर लिंबाखाली उभा होता. तिने खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने उभ्या फोनवर शिक्का मारला.

*

टॉवरवरचा डबा खाली उतरला, पण विकलेली माहिती कुठे उतरणार? आता खिंड ओलांडायचीही गरज राहिली नाही. पहिल्याच संध्याकाळी विश्वजीतच्या खिशात पत्ते पिसले गेले. त्याने ते ॲप काढलं, नंबर बदलला, फोनही बदलला. दोन दिवस शांततेत गेले, मग डेअरीच्या नोंदीवरून, चेहऱ्यावरून, कशावरून तरी त्याला पुन्हा हुडकून काढलं. तहान मोजून झालेल्या माणसाची ओळख एवढ्यातेवढ्याने पुसली जात नव्हती.

त्या संध्याकाळी मंगल निवडायची मेथी घेऊन आली आणि काही न बोलता विश्वजीतसमोर बसली. दुसऱ्या दिवशीही आली. "तो उठला तवा मी पंगतीत जिलबी वाढत हुते," ती एवढंच म्हणाली. "आता हितनं हलणार न्हाई." दूध घालून आला की तो फोन तिच्या पाटीत टाकायचा आणि तिच्याबरोबर भाजी निवडायचा. पाटीतून फडफड यायची. मंगल मोठमोठ्याने कुणाच्या तरी सुनेच्या कागाळ्या सांगायची, तो हसायचा, घाम पुसायचा. दसरा गेला, दिवाळी गेली. शालनला वाटलं, जमलं. यंत्राला दोन बायका आणि मेथीची जुडी पुरून उरली.

मग थंडीत मंगलला ताप आला आणि त्याच संध्याकाळी शालनच्या उसाला पाण्याची पाळी होती. ती लगबगीने परतली तेव्हा गोठा रिकामा होता. दोन्ही म्हशी गेल्या होत्या. चुलीजवळ तिचा फोन तेवढा नीट पुसून ठेवलेला होता. विश्वजीत नव्हता. इचलकरंजीला सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये दिसला, असं कुणी म्हणालं. शालन जाऊन आली, दारोदार फोटो दाखवत फिरली. त्याच्या नंबरवर आता दुसराच कुणी माणूस बोलतो, आणि तो बिचारा दर वेळी न कंटाळता सांगतो, मावशी, मी तो नव्हे.

गावातली बाकीची पोरं सावध झाली. वरच्या आळीतला तो मुलगा सावरला, त्याचं यंदा लग्न आहे. शालनला पत्रिका आली.

"माझ्या माणसाचं नाव धुवायला तू तुझा पोरगा घालवलास," एकदा मंगल म्हणाली.

"तोच म्हणाला हुता, सांग म्हणून," शालन म्हणाली. सत्य सांगितल्याचा पश्चात्ताप तिला होत नाही. फक्त विश्वजीत हवा असतो, रोज, सकाळपासून.

मंगल हल्ली दुपारी तिच्याकडेच जेवते. परवा ताटं वाढून झाली होती, एवढ्यात फळीवरचा शालनचा फोन थरथरला. फडफड, फडफड, आणि थाप. शालनताई, या.

"बंद कर की गं हे," मंगल म्हणाली. "आमच्या पुतणीनं दाखवलंय मला. खाली बटण हाय. तुझ्या नावावर इकलेली तहान खोटीच, नको म्हणून दोनदा दाबलंस की यंत्राला ते समजतंय आणि जातंय." तिने हात पुढे केला.

"नको." शालनने तिचा हात धरला.

त्या कुठल्याशा यंत्राच्या लेखी हिवरदऱ्याच्या शालन मोहितेला रोज दुपारी पत्त्यांची अनावर ओढ लागते. ती ओढ तिची नव्हती. ती झोपलेली असताना, महिनाभर, विश्वजीतचा अंगठा या काचेवर फिरला होता. थांबून, मोजून, पुन्हा पुन्हा. त्याच्या हातचं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. म्हशीसुद्धा नाहीत.

"वाजू दे," ती म्हणाली. "त्यानं लावलेली येळ हाय ती."

मंगलने हात मागे घेतला. फळीवर कुणीतरी पत्ते पिसत होतं, वाटत होतं, थांबून वाट बघत होतं. आवाज बंद होईपर्यंत दोघी ताटाला हात न लावता बसून राहिल्या, आणि मग जेवल्या.